पांढरा मकबरा, काळा कैलास

बीबी का मकबरा पांढरा आहे आणि वेरूळचं कैलास लेणं काळ्या कातळातलं. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तरीही एकाच दिवशी, एकाच मोबाइलवर काढलेले या दोन जागांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. मकबरा बरेचदा मळकट, राखाडी आलेला असतो आणि कैलासाचा दगड फिकट, पिठाचा हात फिरवल्यासारखा. अशा वेळी आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो आणि नव्या मॉडेलच्या किमती पाहायला लागतो. माझं म्हणणं, थोडं थांबा. हातातल्या कॅमेऱ्याला काय कळतं आणि काय कळत नाही हे एकदा नीट समजून घेतलं, तर तोच कॅमेरा अजून कित्येक वर्षं पुरेल. आणि हे शिकायला या शहराइतकी चांगली जागा मला तरी महाराष्ट्रात दुसरी दिसत नाही.

कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक चौकटीतून किती उजेड येतोय तेवढं मोजतं. ते एक गृहीत धरून चालतं : समोरचं दृश्य सरासरीनं मधल्या राखाडी छटेचं आहे, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं. झाडं, रस्ता, माणसं, घरं अशा मिश्र दृश्याला हे गृहीतक छान लागू पडतं. मकबऱ्यासमोर मात्र चौकट पांढऱ्यानं भरते. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो गडद करतो. वेरूळला चौकट काळ्या कातळानं भरली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो फोटो उजळवतो. दोन्ही वेळा त्याला राखाडीच गाठायचं असतं. अलीकडचे मोबाइल दृश्य ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण पूर्ण भरवसा ठेवावा इतकी नाही.

उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर मकबऱ्यावर बोट ठेवा आणि क्षणभर तसंच दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथं पक्के होतात आणि शेजारी सूर्याची छोटी खूण असलेली पट्टी दिसते. बोट वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो. मकबऱ्याला थोडं वर, कैलासाला थोडं खाली. कपाटात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल तर त्यावर अधिक-उण्याचं बटण असतंच. मकबऱ्याला अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक, कैलासाला तेवढंच उणे, असं धरून सुरुवात करा आणि पडद्यावर पाहून कमीजास्त करा. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मकबरा लांबून, भोवती निळं आकाश आणि हिरवी बाग घेऊन काढला तर सरासरी आपोआप जमते आणि दुरुस्तीची फारशी गरज उरत नाही. उलट कैलासाच्या चौकटीत वरचं आकाश आलं की सगळा हिशेब फिरतो. आकाशाच्या उजेडाला घाबरून कॅमेरा दगड पार काळा करून टाकतो. तिथं आकाश चौकटीबाहेर ठेवता आलं तर उत्तम.

मकबऱ्याजवळ गेलात तर आणखी एक बारकावा दिसेल. ही वास्तू सगळी संगमरवरी नाही. खालचा भाग आणि घुमट संगमरवराचे, मधलं बांधकाम काळ्या दगडाचं आणि त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. लांबून सगळं एकसारखं पांढरं वाटतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र दगडाची चमक आणि गिलाव्याचा निस्तेजपणा वेगळे ओळखू येतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली; तिच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या या इमारतीला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवलं जातं आणि फोटोही त्याच नजरेनं काढले जातात, समोरून, कारंज्यांच्या रांगेच्या मधोमध उभं राहून. संगमरवर आणि गिलावा जिथं भेटतात तिथला एखादा फोटो काढून पाहा. ही वास्तू कुठल्या साधनसामग्रीत उभी राहिली हे त्या एका फोटोत कळेल, आणि मला तो समोरच्या शंभर फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो.

किती उजेड घ्यायचा हे झालं. त्याहून महत्त्वाचं आहे तो कुठून येतोय हे. त्याचा सगळ्यात सुंदर धडा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मिळतो. आतल्या गाभाऱ्यात बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे. जुने वाटाडे दिवा एका बाजूनं धरून दाखवत, मग दुसऱ्या बाजूनं, मग समोरून. दिवा हलला की मुखावरचा भाव बदलतो. एकीकडून उजेड आला की ओठांवर हसू असल्यासारखं वाटतं, दुसरीकडून आला की चेहरा गंभीर होतो, आणि समोरून आला की ध्यानमग्न शांतता. मूर्ती तीच, दगडाचा एक कणही हललेला नसतो. बदलतात त्या ओठांच्या कोपऱ्यातल्या आणि पापण्यांखालच्या सावल्या. फोटोतला आकार या सावल्यांमुळे दिसतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून, समोरून उजेड टाकतो, सावल्या मूर्तीच्या मागे लपवतो आणि शिल्पाचं सपाट चित्र करून टाकतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती चित्रांच्या रक्षणासाठी; पण बंदी नसलेल्या ठिकाणीही शिल्पाच्या फोटोला फ्लॅश वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सूर्य हा आपला दिवा, आणि तो आपल्याला हलवता येत नाही. त्याच्या वेळा मात्र आधी काढून ठेवता येतात. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या उतारावर खोदलेली आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, लेण्यांची तोंडं सावलीत असतात आणि ओसऱ्या अंधारलेल्या. दुपार कलली की ऊन समोरून खांबांवर येतं आणि मग आत शिरतं. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी म्हणतात, मार्चमध्ये काही दिवस मावळतीचे किरण दर्शनी खिडकीतून थेट बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचतात, आणि तो किरणोत्सव बघायला लोक मुद्दाम जातात. म्हणून वेरूळ दुपारनंतर. तीनच्या सुमारास पोहोचावं, आधी सावलीतली लेणी पाहून घ्यावीत आणि ऊन पिवळं व्हायला लागलं की पश्चिमाभिमुख खांबांकडे वळावं. मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा, हे आधीच बघून ठेवा.

मकबऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला, म्हणजे आपण त्याची दक्षिणेकडची बाजू पाहत आत जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागात फिरतो आणि ही बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजळलेली असते. उन्हाळ्याच्या शेवटी उलट होतं. शहर विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो उत्तरेकडेच राहतो. या दोन महिन्यांत मकबऱ्याच्या दर्शनी भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. सुट्टीत आलेल्या कित्येकांना मकबरा निस्तेज का वाटतो, त्याचं हे साधं कारण. अशा दिवसांत पूर्व-पश्चिमेकडच्या बाजू धरा, किंवा उत्तरेच्या डोंगरावर औरंगाबाद लेण्यांपाशी जा. तिथून खाली पसरलेलं शहर आणि त्यातला पांढरा घुमट दिसतो, तोही तुमच्याकडची बाजू उजळून.

आपल्याकडे खरी दुपार बारा वाजता होत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. भारताची घड्याळं प्रयागराजजवळच्या रेखांशावर लावलेली आहेत आणि हे शहर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर यायला साडेबारा होतात. साडेअकरा ते दीड हा फोटोसाठी सगळ्यात रुक्ष काळ. कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आतच होतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. मावळतीआधीचा तासभर हाताशी राहील असा बेत आखावा.

कॅमेरा कमी आणि विचार जास्त, अशा छायाचित्रणाचा या भागात जुना वारसा आहे. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याला पाठवला गेला तो भित्तिचित्रांच्या नकला करायला. पारो ही स्थानिक तरुणी आणि गिल यांची प्रेमकहाणी ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे मराठी घराघरांत पोहोचली, गिलच्या कॅमेऱ्याविषयी मात्र आपण फारसं बोलत नाही. वर्षानुवर्षं खपून त्यानं तैलरंगांत केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. एव्हाना त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लेण्यांवरचं जे पुस्तक लंडनमध्ये निघालं त्यात गिलनं जागेवर काढलेले ७४ फोटो होते.

त्या काळी फोटोची काच जागेवरच तयार करावी लागे. काचेवर कलोडियनचा थर पसरायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपायला हवं, आणि तेही आपल्या उन्हाळ्यात, जिथं ओलं काही टिकत नाही. शिवाय त्या काचेला निळा उजेड तेवढा नीट दिसे. लाल आणि पिवळा रंग तिच्यावर काळपट उमटे. अजिंठ्याची चित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगांनी भरलेली. अशा काचेवर त्यांचे फोटो कसे नीट येणार? खांब, कमानी, कोरीव दर्शनी भाग मात्र उत्तम येत, आणि गिलचा भर त्यांच्यावर आहे. आपल्या साधनाला काय जमतं हे ओळखून त्यानं विषय निवडले. त्याच्या मागोमाग राजा दीनदयाळांनी, ज्यांचा जन्म योगायोगानं १८४४ चाच, सहाव्या निजामाच्या पदरी असताना वेरूळ, दौलताबाद आणि या शहराची मोठमोठ्या काचांवर छायाचित्रं घेतली. प्रत्येक काच जड, महाग आणि एकदाच वापरायची. त्यांचे फोटो आज पाहिले की उभं राहायची जागा आणि दिवसाची वेळ किती विचारानं ठरवली होती ते लगेच जाणवतं. आपल्याला दिवसात हजार फोटो फुकट काढता येतात. त्यातल्या पाचसाठी तरी असा विचार करायला काय हरकत आहे?

अजिंठ्याच्या आतल्या चित्रांचे फोटो काढणं आजही सोपं नाही, कारण आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, त्या मंद उजेडातच धीरानं ही चित्रं टिपली आणि त्यांचे खरे रंग जगापुढे आणले. आपल्याला ट्रायपॉड नेता येत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. म्हणून शरीरालाच आधार करायचा. पाय खांद्याएवढे फाकवा, कोपरं बरगड्यांना टेकवा, मोबाइल दोन्ही हातांत धरा, श्वास सोडा आणि श्वास संपता संपता बटण दाबा. बोटाच्या धक्क्यानं फोटो हलत असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. खांबाला किंवा भिंतीला टेकायचा मोह होईल. टेकू नका. त्या खांबांवरही दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग आहे आणि आपल्या घामानं तो जातो.

मोबाइलचा नाइट मोड एका फोटोऐवजी पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते एकत्र करतो. पडद्यावर सांगितलेले दोन-तीन सेकंद हात न हलवता उभं राहिलात तर चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ आणि मुकुटाची नक्षी चांगली येते. झूम करू नका, दोन पावलं पुढं व्हा. मुख्य भिंगच सगळ्यात जास्त उजेड घेतं, आणि अंधारात झूम केलं की कित्येक मोबाइल मुख्य भिंगाचाच फोटो कापून मोठा करून देतात. प्रो मोड असेल तर आयएसओ १६०० आणि शटर एक-दशांश सेकंदाच्या आसपास ठेवून पाहा. आणि रंगांवर लक्ष ठेवा. सगळी चौकट गेरूच्या छटांनी भरली की कॅमेऱ्याला तो उजेडाचा दोष वाटतो आणि तो त्यात निळसरपणा मिसळतो. मकबऱ्याला राखाडी करणाऱ्या सवयीचाच हा रंगातला प्रकार. व्हाइट बॅलन्स आपोआप न ठेवता एका जागी पक्का केला की अजिंठ्याचा तांबूसपणा शाबूत राहतो.

आता उभं राहायचं कुठं ते. मकबऱ्याच्या जवळ जाऊन मोबाइल वर तिरपा केला की चारही मिनार आत झुकतात, पडायला आल्यासारखे. मागे जा, मोबाइल भिंतीसारखा सरळ उभा धरा आणि खालचा नको असलेला फरशीचा भाग नंतर कापून टाका. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेषा चालू करा. मिनार आणि रेषा समांतर आहेत का ते लगेच कळतं. अतिरुंद भिंगानं सगळं मावतं खरं, पण कडेचे मिनार ताणले जातात.

कैलासाचं तसं नाही. हे लेणं वरून खाली खोदत आणलंय, डोंगरात सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद खड्डा काढून मधोमध मंदिर सोडून दिलंय. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झालं असं मानतात. खाली चौकात उभं राहून ते कळत नाही. बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढा. वरून पाहिलं की शिखर आपल्या डोळ्यांच्या खाली येतं आणि कातळातून मंदिर मोकळं केल्याचं एका दृष्टिक्षेपात समजतं. पावसाळ्यात ही वाट निसरडी असते आणि कडा खोल. मोबाइलच्या पडद्याकडे बघत एक पाऊलही मागे टाकू नका. खाली आल्यावर चौकातल्या पन्नासएक फुटी स्तंभाच्या पायथ्याशी कुणाला तरी उभं करा. माणूस असला की उंची समजते. कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प दक्षिण बाजूला बहुतेक वेळ सावलीत असतं, म्हणून निराश होऊ नका. समोरच्या कड्यावर पडलेलं ऊन परतून त्याच्यावर येतं आणि तो मऊ उजेड कोरीव कामाला फार छान पोषक ठरतो.

शहरातही असा मऊ उजेड शोधायची सवय लावून घ्यावी. गुलमंडीवर, शहागंजच्या बाजारात दुकानाच्या छपराखाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रस्त्याचा उजेड येतो आणि मागची बाजू काळोखी असते. हिमरू विणणाऱ्या माणसाचे हात दाराच्या उजेडात धाग्यांवर फिरताना जितके बोलके दिसतात, तितके विजेच्या दिव्यात कधीच दिसत नाहीत. मात्र आधी विचारायचं. “चाचा, एक फोटो काढू का?” एवढं म्हटलं की बहुतेक लोक हसून होकार देतात, आणि नाही म्हणाले तर मोबाइल खिशात घालायचा. काढलेला फोटो त्यांना दाखवायचा, मागितला तर पाठवायचाही.

आणि घरच्यांचा फोटो. तो बहुतेक वेळा मकबऱ्याच्या पायऱ्यांवर, भर उन्हात, सगळे डोळे बारीक करून उभे असताना निघतो. घुमट तरी कापला जातो नाहीतर आजीचे पाय. दक्षिणेच्या मोठ्या दरवाजाच्या कमानीखाली सगळ्यांना सावलीच्या काठावर उभं करा, तोंडं बाहेरच्या उजेडाकडे. मकबराही हवाच असेल तर माणसांना त्याच्याजवळ नेण्याऐवजी तुमच्याजवळ आणा, तुमच्यापासून सात-आठ पावलांवर, म्हणजे चेहरे मोठे येतील आणि वास्तू त्यांच्यामागे अख्खी राहील. भिंग आधी सुती रुमालानं पुसा. दिवसभर हाताळलेल्या मोबाइलवर बोटांचं तेल बसलेलं असतं आणि सगळा धुरकटपणा कित्येकदा त्याचाच असतो. एकाच वेळी चार-पाच फोटो घ्या, कारण कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. मग उजेड आणि फोकस बोटानं पक्का करून मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही आजीच्या शेजारी जाऊन उभे राहा.